बिनविजेची ‘गच्ची’

३ फेब्रुवारी

वहिनी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर चोर घरात शिरल्यासारखी कुजबुजतेस. म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलेय. अक्षराला हसू नकोस. शाळा सुटल्यापासून सहीपलीकडे हातानं काही लिहिलेलं नाही.

दादा कसा आहे? स्कूटरवरून पडला त्याला आता बरेच महिने झाले. टाके निघाले, चक्कर थांबली, असं तू सांगतेस. मग तो माझ्याशी दोन वाक्यं धड का बोलत नाही? ‘बरा आहे, ठेवतो गं,’ की संपलं. माझ्यावर रागावलाय का? तसं असेल तर सांग, म्हणजे मीही रागावून घेते. त्यानं एकट्यानंच का रागवायचं?

सोबत पेन ड्राइव्ह पाठवतेय. नवे ट्रॅक आहेत, अजून कच्चे. तुला माहीतच आहे, चाल मी शोधते, पण ठोका किती खोल जायला हवा, बेस कुठे यायला हवा, हे सगळं त्याच्या कानांवर चालतं. आमच्या ‘गच्ची’ या ट्रॅकवर लोक वेड्यासारखे नाचले ते त्याच्यामुळे. मी एकटी स्टुडिओत बसून बटणं फिरवते आणि वळून विचारते, ‘कसं वाटलं?’ मागे कुणीच नसतं.

उन्हाळ्यात मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलंय. इतकी माणसं आम्ही एका जागी कधी पाहिलेली नाहीत. त्याला म्हणावं, तोवर बरा हो. ट्रॅक ऐकून त्याचं मत कळव.

तुझी,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. अक्षराला हसले नाही, पण ‘चक्कर’ हा शब्द मला बराच वेळ ‘शक्कर’ वाटला.

दादा बरा आहे. झोप लागते, चालतो-फिरतो, दाढी वाढवलीय. तुझ्यावर मुळीच रागावलेला नाही. फोनवर बोलायचा त्याला कंटाळा येतो, एवढंच. तुझे ट्रॅक ऐकले. छान आहेत म्हणाला. दुसरा जास्त आवडला.

माझं पडद्यांच्या दुकानातलं शिवणकाम चालू आहे. कुठल्याशा हॉटेलची मोठी ऑर्डर आलीय, सगळीकडे मखमलच मखमल. शिंकले तरी धागे उडतात.

एक काम होतं. माझ्या बाबांचा ॲकॉर्डियन माळ्यावरून काढलाय. भाता एका ठिकाणी फाटला होता, तो मीच चिकटवला. लहानपणी बाबांनी शिकवलेलं बोटांना अजून आठवतं. तर त्यावर तुमची ‘गच्ची’ वाजवायची म्हणते. अर्धीअधिक कानानं बसवली. पण मध्ये एक जागा आहे बघ, जिथे सगळं वर वर चढत जातं, एकदम थांबतं, आणि मग छप्पर कोसळल्यासारखं अंगावर येतं. तिथे मी काय करू? माझ्याकडे कोसळवायला काहीच नाही. मुख्य चालीचे स्वर लिहून पाठवशील का?

तुझी वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

दोन गोष्टी.

पहिली. दादा ‘छान’ म्हणत नाही. जन्मात म्हटलेलं नाही. फार खूश असला तर ‘चालेल’. एरवी ‘हे काय, भांडी पडली का?’ ‘गच्ची’ पहिल्यांदा ऐकवली तेव्हा म्हणाला होता, ‘सुरुवात बरी आहे, शेवट बरा आहे, मधलं फेकून दे.’ आम्ही खरंच फेकलं. तेव्हा मला सांग, माझे ट्रॅक नक्की कुणी ऐकले?

दुसरी. तुला वाईट वाटेल, पण मनात ठेवत नाही. ॲकॉर्डियनचं ऐकून मला जरा लागलं. लोकांना फार आवडतं हे, आमची गाणी घेऊन गिटारवर, पियानोवर हळू आवाजात वाजवायची. मग म्हणायचं, ‘अगं, यात तर खरंखुरं गाणं निघालं की!’ म्हणजे इतके दिवस खोटं होतं? दंगेखोर पोराला धरून आंघोळ घालायची, भांग पाडायचा, पावडर थापायची आणि पाहुण्यांसमोर उभं करायचं, तसं वाटतं मला. आमचं पोर धुळीतच चांगलं दिसतं.

तू तसं करत नसशील. पण मग कशासाठी करतेयस? आणि दादाला तो ॲकॉर्डियन चालतो?

भिंगरी


१ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र दुकानात नेऊन उघडलं, ते बरं झालं. घरी उघडलं असतं तर दादानं माझ्या श्वासावरूनच ओळखलं असतं. आता खरं सांगते. त्यानं मला शपथ घातली होती, ती मोडतेय.

तुझ्या दादाला आवाज सहन होत नाही. कमी ऐकू येत नाही, उलट. सगळंच ऐकू येतं आणि दुखतं. ताटावर चमचा आपटला की कुणी थोबाडीत मारल्यासारखा चेहरा होतो. मी नळाखाली फडकं घालते. खुर्च्यांच्या पायांना मखमलीचे मोजे शिवलेत. खिडक्यांना दुहेरी पडदे आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, कान शाबूत आहेत, डोक्याला मार लागला तेव्हा आवाजाला अडवणारं जे काही आत असतं ते हललंय. हळूहळू बसेल. किती, कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यात स्पीकरमधून आलेला आवाज सर्वांत वाईट. एकदा मला न विचारता त्यानं तुमचा ट्रॅक अगदी बारीक लावून बघितला. मी आले तेव्हा न्हाणीघराच्या फरशीवर बसला होता. त्या दिवशी म्हणाला, ‘भिंगरीला सांगायचं नाही. ती काम थांबवेल.’

म्हणून फोन नाही. या घरात मी कितीही हळू बोलले तरी त्याला ऐकू जातं. पत्र दुकानात बसून लिहिते, तेवढं त्याला कळत नाही.

ट्रॅक मी ऐकले, जेवणाच्या सुट्टीत, कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसून. दुसरा जास्त आवडला तो दुकानाच्या मालकीणबाईंना. ‘छान’ हे मत माझं. मला चुकीची तर चुकीची, पण तेवढीच समीक्षा येते.

आता ॲकॉर्डियन. एका दुपारी तो पलंगावर पडला होता, डोळे मिटून, आणि बोटानं गोधडीवर ठोका धरत होता. आवाज न करता. मी दारात उभी राहून बघितलं. ‘गच्ची’ होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते बघवेना गं. स्वतःच्याच घराबाहेर उभं राहून खिडकीतून आत बघावं तसा दिसत होता.

मग मी ॲकॉर्डियनला गोधडी गुंडाळली, न्हाणीघरात गेले, सगळी दारं लावली आणि अगदी थोडा भाता हलवून चाल वाजवली. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, ‘काल आत काय करत होतीस?’

‘कपडे धूत होते.’

‘सुरात धुतेस?’

पण ‘थांब’ म्हणाला नाही. मी तुमचं पोर धुऊन-पुसून काढत नाहीये, भिंगरी. ते बाहेर राहिलंय, त्याला मागच्या दारानं आत आणता येतं का, तेवढं बघतेय.

तुझी वहिनी


७ मार्च

वहिनी,

काय लिहू? मी रागावले, आणि तू खुर्च्यांना मोजे शिवत होतीस.

स्वर सोबतच्या कागदावर आहेत. तुला सोपं जावं म्हणून पांढऱ्या पट्ट्यांना पांढरे गोल, काळ्यांना काळे. चाल छोटीच आहे, तीच तीच परत येते. आमच्याकडे ती दर फेरीला बदलते ती आवाजाच्या रंगानं, म्हणजे आधी बोथट, मग धारदार. ते तू भात्यानं करू शकशील का? ती मधली जागा मलाही सुटत नाही. आम्ही तिथे सगळं बंद करून मग सगळ्यात खालचा बेस सोडतो. छातीत बसतो तो. त्याला ॲकॉर्डियनमध्ये उत्तर नाही.

तुला म्हणून सांगते. काल लंबूच्या तालमीच्या खोलीत गेले होते. लंबू म्हणजे माझा मित्र, वाद्यवृंदात डबल बेस वाजवतो, ते उभ्यानं वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन. खोलीत पियानो होता. कुणी नव्हतं तेव्हा मी ‘गच्ची’ एका बोटानं वाजवून बघितली. माझ्या यंत्रात एक स्वर दाबून ठेवला तर मी जेवून आले तरी तसाच असेल. पियानोवर दाबल्या दाबल्याच तो जायला लागला. मी पट्टी सोडली नव्हती, तरी जात होता. मला पुढचा स्वर घ्यायची घाई झाली, आधीचा आहे तोवर त्याला पुढच्याच्या हातात द्यावा म्हणून. माझ्याच चालीत ही घाई होती आणि मला माहीत नव्हती.

मैदानाच्या कार्यक्रमाची काळजी करू नकोस. तो पुढे ढकललाय. दादाला माझं काही सांगू नकोस, मला काही माहीत नाही असंच चालू दे.

भिंगरी


३० मार्च

प्रिय भिंगरी,

उशीर झाला. मधले दिवस बरे नव्हते. आधी चांगलं सांगते.

तुझ्या गोलांवरून बसवत बसवत मी न्हाणीघरातून स्वयंपाकघरात आले. दोन दारांऐवजी एक दार. मग तेही किलकिलं. एका संध्याकाळी वाजवत होते आणि वर बघते तर तो दारात, दोन्ही कानांवर हात ठेवून. मी थांबले. तो म्हणाला, ‘चुकतंय.’

‘कुठे?’

‘भाता पार संपल्यावर वळवतेस. मग धक्का बसतो. थोडा शिल्लक असतानाच वळव.’

वळवला. त्यानं एका कानावरचा हात काढला. मी पुढे गेले, आणि ती जागा आली, तुझी छप्पर कोसळायची. मी नेहमीसारखी बोटांची धावपळ केली. ‘हे कशाला?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘मग काय करू? तिथे काहीतरी पडायला हवं ना?’

तो म्हणाला, ‘काही करू नकोस. तिथे लोक श्वास धरतात. मी आवाजाच्या मिक्सरमागून त्यांच्याकडे बघायचो, सगळ्यांची तोंडं वर. तू थांब, आणि तुझा श्वास घे. लपवून घेऊ नकोस. मला ऐकू येऊ दे.’

तसं केलं. थांबले, श्वास घेतला, आणि परत पहिला स्वर धरला, अगदी एकटा. बघते तर त्यानं दुसऱ्या कानावरचाही हात काढलेला. जवळ आला आणि गोधडीवरून भात्यावर तळहात ठेवला, स्पीकरवर ठेवायचा ना, तसा. आम्ही दोघं रडलो, पण आवाज न करता. त्याची आता सवय आहे.

वाईट ते असं की दुसऱ्या दिवशी मला चेव आला. गोधडी काढली, पूर्ण भाता उघडला. त्याचा परिणाम असा, की तो आठवडाभर अंधारात पडून होता आणि मी स्वतःच्या तोंडात मारून घेत होते. आज उठलाय. म्हणाला, ‘ॲकॉर्डियन कुठे ठेवलास? माळ्यावर टाकू नकोस हां.’

आणि ऐक, त्याला कळलंय की तुला कळलंय. कागदावरचे गोल बघून म्हणाला, ‘गोलसुद्धा वेडेवाकडे काढणारी जगात एकच आहे.’

तुझी वहिनी


८ एप्रिल

वहिनी,

मी येतेय. लंबू आणि त्याचा डबल बेसही येतायत. दोघंही मऊ स्वभावाचे आहेत. दादाला विचार, चालेल का. नाही म्हणाला तर लंबू जिन्यात बसेल, मी पलंगाखाली. पण येतेय.

भिंगरी


२ मे

प्रिय भिंगरी,

तुम्ही गेल्यावर घर इतकं शांत झालं की मलाच चुकल्यासारखं वाटलं.

तू खोलीत पाठमोरी होतीस, म्हणून तुला न दिसलेलं सांगते. दादाला आपण खोलीबाहेरच्या बोळात खुर्ची दिली होती, दार अर्धं लोटून. लंबूनं पहिला स्वर काढला तेव्हा मी दाराच्या फटीतून बघत होते. म्हटलं, आता हा उठून जाणार. तो उठला, पण गेला नाही. चपला काढल्या आणि पाय फरशीवर सपाट टेकवून उभा राहिला. डबल बेसचा टोकदार पाय जमिनीवर टेकलेला असतो ना, त्यातून ते त्याच्या तळपायांत येत होतं. नंतर मला म्हणाला, ‘कानानं नाही, पायानं ऐकलं. बेस बरोबर जागी होता.’ सुरू करण्याआधी तुला गादीवर तळहातानं ठोका धरायला सांगितलं तेव्हा तू तोंड वाकडं केलंस, तेही त्यानं बघितलं. म्हणाला, ‘एवढी यंत्रं हाताळली, पण पोरीचा हात अजून लयीत आहे.’

मला मात्र सर्वांत जास्त आठवतं ते आपण तिघं त्या जागेवर एकदम थांबलो ते. तू, मी, लंबू, तिघांनी एकाच वेळी श्वास घेतला. आणि बोळातून चौथा ऐकू आला.

आता दुसरं. तू आणि लंबू स्वयंपाकघरात भांडी विसळताना कुजबुजत होतात. या घरात कुजबुज म्हणजे दवंडी, हे मी तुला लिहिलं होतं. त्याला सगळं ऐकू गेलंय. मैदानाचा कार्यक्रम पुढे ढकललेला नाही. तू नाही म्हणून कळवलंस. तो रागावलाय, खरा रागावलाय. दोन दिवस मला विचारतोय, ‘तुला माहीत होतं?’ नव्हतं गं.

काय ते तूच लिही. लंबू चांगला आहे. जेवतो फार, पण ताट वाजवत नाही.

तुझी वहिनी


९ मे

वहिनी (आणि दादा, तू हे ऐकतोयस हे माहीत आहे मला),

हो, नाही म्हणून कळवलं. दादाशिवाय उभी राहणार नव्हते. पण आता कारण वेगळंच झालंय. त्या दिवशी तुमच्या खोलीत मी ‘गच्ची’ पहिल्यांदा ऐकली असं वाटलं. लंबूच्या बोटाखाली तार घासल्याचा आवाज, वहिनीच्या खुर्चीची कुरकुर, भात्याची धाप. परत आले आणि स्टुडिओत मूळ ट्रॅक लावला, तर कुणीच नसलेलं घर वाटलं. अर्ध्यात बंद केला.

मी आता असंच करणार. बिनविजेचं. यंत्रं काढून टाकावीत म्हणते. वहिनी, मी ते भांग पाडण्याचं बोलले होते, ते परत घेते. तुझंच खरं निघालं.

भिंगरी


२० मे

भिंगरे,

हे मी स्वतः लिहितोय. पेन्सिल वापरतोय, पेन फार खरखरतं. तुझं पत्र वहिनीनं वाचून दाखवलं.

यंत्रं काढून टाकणार म्हणतेस. पडलो मी आणि डोकं तुझं फुटलं की काय?

नीट ऐक. वहिनीची ‘गच्ची’ मला आवडते. तिचा भाता संपत येतो, तिचा हात दमतो आणि तिसऱ्या फेरीला चाल जराशी वाकते, ते मी दिवसभर ऐकू शकतो. आपल्या चालीत दमायची जागा आहे हे मलाही माहीत नव्हतं. पण ती जेव्हा मध्ये थांबते आणि नुसता श्वास घेते, तेव्हा मला काय ऐकू येतं सांगू? मैदान. सगळी माणसं, तो खालून येणारा बेस, छातीवर पडणारा. तो मला पाठ आहे, म्हणून तिची शांतता मला भरलेली लागते. मोठी ‘गच्ची’ नसती तर ही ॲकॉर्डियनवरची एक बरी चाल झाली असती, बस. एक खरी आणि एक खोटी असं काही नाही. एक बाहेरची आहे आणि एक घरातली. मला सध्या घरातली झेपते. तुला दोन्ही झेपतात, तर एक कशाला टाकतेस?

मैदानवाल्यांना आजच फोन कर. जागा भरली असेल तर दुसरं मैदान शोध. मी येणार नाही. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून नीट वाच. डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं. म्हणाल्या, घरातले आवाज, रस्त्यातले आवाज सुधारतील. मोठे स्पीकर बहुतेक नाही. मी ऐकून घेतलं. वहिनीच जास्त रडली. मिक्सरवर कुणाला तरी बसव, तुझ्याशी भांडेल असा बघ. लंबूला बसवू नकोस, तो तुझ्याकडेच बघत बसेल.

माझं म्हणशील तर आपले बाकीचे ट्रॅक मी आता एकेक करून उलगडतोय. कागदावर. कुठला आवाज कुणाला द्यायचा, कुठे भाता वळवायचा. वहिनीला शेजारच्या शाळेतल्या बासरीवाल्या बाई सापडल्यात. त्या आल्या की मी बोळात बसतो. परवा पहिल्यांदा दार पूर्ण उघडं होतं.

एक गंमत सांगतो. समोरच्या इमारतीला रंग देतायत. दोरांवर टांगलेल्या फळीवरचा एक रंगारी सकाळपासून शिट्टी वाजवत होता. शिट्टी म्हणजे माझ्या कानाला दाभण. उशी घ्यायला उठलो आणि लक्षात आलं, ‘गच्ची’ वाजवतोय. वहिनीची, हळूवाली. रोज ऐकून ऐकून उचललेली. पण दुसऱ्या ओळीत चुकत होता. पुन्हा पुन्हा तिथेच. मला राहवेना. पडदे सारले, खिडकी उघडली आणि म्हटलं, ‘अहो, तिथे खाली जायचं, वर नाही.’

तो म्हणाला, ‘असं?’ आणि बरोबर वाजवून दाखवलं. मग विचारलं, ‘गाणं कुणाचं?’

‘माझं आणि माझ्या बहिणीचं.’

‘शब्द काय आहेत?’

‘शब्द नाहीत.’

‘अरेरे,’ म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. ‘मग मी घालू का?’

म्हटलं, घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गाऊन दाखवलं, ब्रश मारत मारत, सबंध गाणं. मी खिडकीतच उभा होतो. किती दिवसांनी हसलो असेन. इतका, की माझंच हसणं मला दुखलं.

शब्द मात्र पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. मैदान उरकलं की ये. वहिनी दुकानात गेली की म्हणून दाखवतो.

दादा